सोलापूर ते मुंबई: विमानाचे अंतर, तिकिटावरची वेळ आणि उंबरठ्यापासूनचा हिशेब

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की, सोलापूर ते मुंबई हवाई अंतर कुठे ३६२, कुठे २२५ तर कुठे १९५ असे लिहिलेले दिसते, त्यातले खरे कोणते? दुसरा असा की, जेट विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जात असेल तर हे अंतर अर्ध्या तासात संपायला हवे. मग तिकिटावर तास-सव्वा तास का छापलेला असतो? तिसरा प्रश्न घरचा आहे. पत्नीच्या गुडघ्यांसाठी परळच्या रुग्णालयात दुपारी अडीचची वेळ मिळाली आहे आणि पुढच्या महिन्यात दुबईहून मुलगी येणार आहे; या दोन्ही प्रवासांत विमानाने नेमका किती वेळ वाचेल, हे त्यांना हवे आहे. मी गेली अठ्ठावीस वर्षे सोलापुरात प्रवासाची तिकिटे काढून देण्याचे काम करतो. हे तिन्ही प्रश्न माझ्या टेबलासमोर रोज वेगवेगळ्या शब्दांत विचारले जातात, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. ३६२, २२५ आणि १९५ हे तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण त्यांची एकके वेगळी आहेत. ३६२ हे किलोमीटर, २२५ हे आपण जुन्या रस्त्यांवरच्या दगडांवर वाचलेले साधे मैल आणि १९५ हे नॉटिकल मैल. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक नॉटिकल मैलांतच बोलतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि ही संख्या अशी अडनिडी असण्यामागे कारण आहे. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण एक अंश अक्षांश सरकले की सुमारे १११ किलोमीटर अंतर होते. त्या अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. नकाशावरचे अंश मोजले की अंतर आपोआप हाती येते, ही त्यातली सोय आहे. संकेतस्थळांवर मात्र एकक बारीक अक्षरांत असते आणि वाचणारा फक्त संख्या पाहतो, तिथेच गोंधळ होतो.

आपण शिक्षक आहात, म्हणून हा हिशेब वहीवर करून पाहण्यासारखा आहे. होटगी रस्त्यावरचा आपला विमानतळ साधारण १७.६३ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९३५ अंश पूर्व रेखांशावर आहे; मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९.०९ आणि ७२.८६८ वर. अक्षांशांतला फरक १.४६ अंश, त्याला १११ ने गुणले की १६२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ३.०७ अंश, पण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एका अंशाचे अंतर १११ नसून त्याच्या ०.९५ पट भरते, म्हणून हे अंतर ३२४ किलोमीटर येते. आता १६२ आणि ३२४ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू धरा आणि पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढा. उत्तर ३६२ येते. चार-पाचशे किलोमीटरपर्यंत हा शाळेतला मार्ग पुरेसा अचूक आहे. त्याहून लांबच्या शहरांसाठी मात्र पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावाच लागतो.

गोलाव्याची गोष्ट नकाशावर कळत नाही, पृथ्वीगोलावर लगेच कळते. माझ्या टेबलावर एक पृथ्वीगोल आहे आणि त्याच्या बैठकीला मागावरचे सूत हातभर गुंडाळून ठेवलेले आहे. मुलाकडे अमेरिकेला निघालेले आईवडील समोर बसले की मी त्या सुताचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणतो. ताणलेले सूत पॅसिफिक महासागरावरून जात नाही आणि अटलांटिकवरूनही जात नाही; ते मध्य आशिया आणि रशिया ओलांडून थेट उत्तर ध्रुवाच्या अंगाने जाते. गोलावर ताणलेल्या सुताची ही वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा. दोन शहरांमधले ‘हवाई अंतर’ म्हणून जे छापले जाते ते याच सुताची लांबी असते. हे अंतर काढण्यासाठी पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरतात.

आता लक्षात घेण्याची बाब ही की, सुताच्या वाटेने विमान जाईलच असे नाही. आकाशात ठरवून दिलेले मार्ग असतात, त्यांवर नावे दिलेले बिंदू असतात, आणि विमान एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे जात जात मुक्कामाला पोहोचते. लष्कराने राखलेला आकाशाचा भाग टाळावा लागतो. शेजारच्या देशाने वाट बंद केली तर वळसा पडतो; २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांचा वेळ वाढला, शहरे मात्र होती तिथेच होती. कधी याच्या उलटही घडते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट लांबून सुमारे १५,३०० किलोमीटर झाली, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा हजाराहून अधिक किलोमीटर जास्त; तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर संपला, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा जोरदार वारा पाठीशी मिळाला. विमानप्रवासात अंतर आणि वेळ यांचे नाते किती सैल असते, हे समजावून सांगताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. तिकिटावर जी वेळ छापतात ती हवेत काढलेली वेळ नसते. चाकांखालची अडण काढून विमान उभ्या जागेवरून हलते तो क्षण म्हणजे सुटण्याची वेळ, आणि मुक्कामाच्या ठिकाणी उभे राहून चाकांना पुन्हा अडण लागते तो क्षण म्हणजे पोहोचण्याची वेळ. या दोन क्षणांमधल्या काळाला आमच्या धंद्यात ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. त्यात इंजिने सुरू करणे, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उड्डाण, चढण, सपाट प्रवास, उतरण, उतरण्याच्या रांगेसाठी आकाशात घ्याव्या लागणाऱ्या घिरट्या, धावपट्टी आणि पुन्हा उभ्या जागेपर्यंतची चाल, हे सगळे येते.

सोलापूर–मुंबईच्या बाबतीत हे जवळून पाहा. विमानाचा जो ताशी आठशे किलोमीटर वेग आपण ऐकतो तो तीस हजार फुटांच्या वर, सपाट प्रवासातला असतो. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, ही वेगाची मर्यादा पाळावी लागते आणि उतरताना वेग त्याहूनही खूप कमी करत न्यावा लागतो. ३६२ किलोमीटरच्या उड्डाणात विमान चढून सरळ होते न होते तोच उतरणीला लागते. पूर्ण वेगाचा तुकडा फार थोडा. त्यात मुंबईला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्या तरी एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे उतरणाऱ्या विमानांची रांग लागते. मुंबईहून येताना आणखी एक गोष्ट दिसते. मुख्य धावपट्टीवरून बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण होते, म्हणजे सोलापूर आग्नेयेला असूनही विमान आधी जुहूच्या समुद्रावर जाते आणि तिथून वळून आपल्याकडे येते. खिडकीतून समुद्र दिसला म्हणून एका आजींनी मला नंतर काळजीने विचारले होते, की विमान चुकून दुसरीकडे निघाले होते का. ते चुकलेले नव्हते, वाऱ्याला सामोरे जाऊन उडण्यासाठी ते तसे निघते.

यावरून मी एक ढोबळ हिशेब बांधला आहे आणि तो बरीच वर्षे वापरतो. जेट विमानासाठी दर शंभर किलोमीटरला साडेसात मिनिटे धरायची आणि आलेल्या बेरजेत चाळीस मिनिटे मिळवायची. ही चाळीस मिनिटे जमिनीवरची चाल, चढण-उतरण आणि रांग यांची. सोलापूर–मुंबई ३६२ किलोमीटर, म्हणजे २७ आणि ४० मिळून एक तास सात मिनिटे. मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, म्हणजे दोन तास पाच-सहा मिनिटे. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे तीन तास पाच मिनिटे. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे नऊ तास चाळीस मिनिटे. परतीला पश्चिमेचा वारा मदत करतो म्हणून त्यातून तासभर कमी करावा. तिकिटावरची वेळ या हिशेबापेक्षा दहा-पंधरा मिनिटे इकडेतिकडे असते, आणि बहुधा जास्तच असते, कारण वेळेवर पोहोचल्याची नोंद चांगली राहावी म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी ऐसपैस जागा ठेवतात. याच आकड्यांतून एकूण वेग काढला तर सोलापूर–मुंबईला ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास येतो, दिल्लीला ताशी साडेपाचशेच्या जवळ आणि लंडनला सातशे चाळीसच्या पुढे. विमान तेच असले तरी अंतर जितके कमी तितका प्रवास संथ पडतो.

पंख्याच्या विमानाचे गणित वेगळे. सोलापूरहून गोव्याच्या मार्गावर ९ जून २०२५ पासून फ्लाय ९१ या कंपनीने एटीआर ७२ हे पंख्याचे विमान सुरू केले, आणि मुंबईच्या मार्गावर १५ ऑक्टोबर २०२५ पासून स्टार एअरने ७६ आसनांचे एम्ब्राएर १७५ जेट. एटीआर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणून त्याला शंभर किलोमीटरला बारा मिनिटे आणि वर तीस मिनिटे धरावीत. सोलापूर ते मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातला विमानतळ, हे अंतर सुमारे ३०५ किलोमीटर, म्हणजे तास-सव्वा तास. थोड्या अंतरावर जेट आणि पंख्याचे विमान यांच्यात फार तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो, त्यामुळे ‘पंख्याचे आहे म्हणून नको’ असे म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो. आपल्या गावातून विमान उडावे यासाठी सोलापूरकरांनी किती वाट पाहिली हे वेगळे सांगायला नको. विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी उतरणीच्या वाटेत येत होती, ती १५ जून २०२३ रोजी पाडली गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणून या सेवेचा नीट, हिशेबाने उपयोग व्हावा असे मला मनापासून वाटते.

ब्लॉक टाइमला कायद्यातही स्थान आहे आणि ते प्रवाशाला ठाऊक असावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत, ज्या देशांतर्गत उड्डाणाचा ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत आहे त्याला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला हीच मर्यादा तीन तासांची. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले तर भरपाईचा आकडाही ब्लॉक टाइमवरच ठरतो. एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि त्याहून लांब उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळते. हवामान किंवा सुरक्षेसारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर ही भरपाई लागू होत नाही.

‘दोन शहरांमधले अंतर’ या शब्दांतही एक खाच आहे, कारण विमान शहरातून शहरात जात नाही, विमानतळावरून विमानतळावर जाते. गोव्याला दोन विमानतळ आहेत. दाबोळी दक्षिणेकडे वास्कोजवळ आणि मोपा अगदी उत्तरेला पेडणे तालुक्यात. ज्याला सावंतवाडी किंवा बांद्याला जायचे आहे त्याला मोपा घरासारखे जवळ. ज्याला मडगावला जायचे आहे त्याला उतरल्यावर पुन्हा मोठा रस्ता कापावा लागतो. मुंबईचेही आता तसेच झाले आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. सोलापूरहून मोजले तर नवी मुंबई हवेतून सुमारे ३४० किलोमीटर, म्हणजे जुन्या विमानतळापेक्षा वीसेक किलोमीटर जवळ. पण आकाशात वाचलेली ती दीड-दोन मिनिटे अंधेरीला जाणाऱ्याच्या काही कामाची नाहीत. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ आणि ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. सोलापूरचे अक्षरचिन्ह ‘एसएसई’ आहे. तिकीट हातात आल्यावर मी गिऱ्हाइकासमोर ही तीन अक्षरे पेनाने गोल करतो.

आता आपल्या परळच्या प्रवासाकडे येतो. जुळे सोलापुरातून होटगी रस्त्यावरच्या विमानतळापर्यंत वीस मिनिटे. बहुतेक कंपन्यांचे सामान घेण्याचे काउंटर सुटण्यापूर्वी एक तास बंद होते, म्हणून दीड तास आधी पोहोचावे. म्हणजे विमान सुटण्यापूर्वी एक तास पन्नास मिनिटे आपण घराला कुलूप लावलेले असेल. ब्लॉक टाइम एक तास दहा मिनिटे धरा. उतरून, सामान घेऊन बाहेर येईपर्यंत अर्धा तास. सात किलोची एक हातपिशवीच असेल तर यातली पंधरा-वीस मिनिटे वाचतात, पण नातेवाइकांसाठी चादरींचा गठ्ठा सामानात दिला असेल तर सामानाच्या पट्ट्याशी उभे राहावेच लागते. विमानतळापासून परळपर्यंत रस्त्याची स्थिती पाहून पाऊण ते सव्वा तास. ही बेरीज साडेचार तासांच्या आसपास जाते.

याच्या शेजारी रेल्वेचा हिशेब ठेवा. सोलापूर–मुंबई हा लोहमार्ग ४५५ किलोमीटरचा, म्हणजे हवाई अंतरापेक्षा ९३ किलोमीटर जास्त. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत तो सुमारे साडेसहा तासांत पार करते आणि दादरला थांबते. घरापासून स्थानकापर्यंतचा वेळ आणि आधी पोहोचण्याची वीस मिनिटे मिळून चाळीस मिनिटे, गाडीत दादरपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ, दादरहून परळ वीस-पंचवीस मिनिटे. बेरीज सव्वासात तास. म्हणजे विमानाने खरोखर वाचतात ते पावणेतीन तास. तिकिटावरचा सव्वा तास आणि गाडीचे साडेसहा तास नुसते शेजारी ठेवले तर सव्वापाच तास वाचतील असे वाटते. मधले अडीच तास दोन्हीकडच्या विमानतळांच्या दारांत खर्च होतात. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली तर प्रवास झोपेतच होतो आणि दिवसाचा एकही तास जात नाही, पण गुडघे दुखत असलेल्या माणसाला रात्रीच्या बर्थपेक्षा खुर्ची सोयीची पडते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून जाताना मी आपल्याला वंदे भारतच सुचवेन. ती सकाळी लवकर निघून दुपारी बाराच्या सुमारास दादरला पोहोचते, स्थानक परळला लागून आहे, आणि गाडीला तास-दीड तास उशीर झाला तरी अडीचची वेळ हातची जात नाही. विमानाबाबत प्रश्न वेगाचा नसून फेऱ्यांचा आहे. आपल्याकडून मोजकीच उड्डाणे आहेत. वेळ अडीचची असेल आणि विमान त्यानंतर पोहोचणारे असेल तर त्याचा वेग निरुपयोगी ठरतो, आणि एखादे रद्द झाले तर दोन तासांनी दुसरे मिळत नाही. वेळापत्रकही वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, बदलते. मागच्या महिन्यात शेजाऱ्याने सांगितलेली वेळ गृहीत धरू नये. आदल्या दिवशी जाऊन मुंबईत मुक्काम करणार असाल तर मात्र विमान उत्तम, आणि परतीला तर नक्कीच विमान घ्यावे.

मुलीच्या दुबईच्या प्रवासात वेळेचा आणखी एक पदर आहे, तो म्हणजे घड्याळाचा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. दुबई चार तास पुढे. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची छापलेली असते. मुंबईहून सकाळी १० वाजता निघालेले विमान दुबईला तिथल्या ११.३५ ला उतरते, आणि वाचणाऱ्याला वाटते की प्रवास दीड तासाचा आहे. प्रत्यक्षात तो तीन तास पाच मिनिटांचा असतो. उलट दुबईहून रात्री १० ला निघालेले विमान मुंबईला मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास पोहोचते, त्यातले दीड तास घड्याळाने खाल्लेले असतात आणि तारीखही बदललेली असते. लंडनच्या बाबतीत तर फरक ऋतूप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार.

तारखेच्या या बदलाने माझ्या हातून एकदा एका कुटुंबाचे मोठे नुकसान झाले आहे, ते इथे सांगणे मला आवश्यक वाटते. सुरुवातीच्या वर्षांत अशोक चौकातल्या एका कुटुंबाचे आखाताचे तिकीट मी काढून दिले. सुटण्याची वेळ १२ तारीख, ००.४० अशी होती. मी त्यांना ‘बारा तारखेचे, रात्री पाऊणच्या आतबाहेरचे’ एवढेच सांगितले. ते १२ तारखेला संध्याकाळी सोलापूरहून निघायच्या तयारीत होते. विमान त्याच्या आदल्या रात्रीच, ११ तारखेचा दिवस मावळून बारा वाजून चाळीस मिनिटांनी गेलेले होते. नव्या तिकिटांचा भार मी उचलला, पण मुलाचा नोकरीवर रुजू होण्याचा दिवस हुकला तो हुकलाच. तेव्हापासून मध्यरात्र ते पहाटे चार यांमधले कोणतेही उड्डाण असले की मी तिकिटाच्या छापील प्रतीवर हाताने लिहितो, ‘अमुक वारी रात्री जेवून विमानतळावर पोहोचायचे’. वाराचे नाव लिहिले की चूक होत नाही.

मुलगी पहाटे अडीचला मुंबईत उतरली तर पुढे सोलापूरचे विमान पकडण्याआधी तिला पारपत्र तपासणी, सामान आणि सीमाशुल्क या तीन दारांतून जावे लागेल. परदेशातून आलेले सामान सहसा भारतातल्या पहिल्या विमानतळावर ताब्यात घेऊन पुन्हा पुढच्या विमानात द्यावे लागते. जुन्या विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल २ ला येतात. पुढचे उड्डाण टर्मिनल १ वरून असेल तर रस्त्याने जावे लागते, आणि नवी मुंबईहून असेल तर पस्तीस-चाळीस किलोमीटर मुंबईच्या वाहतुकीतून. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे हुकले तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटे असतील तर ती जबाबदारी कोणावरच नाही, म्हणून मधे किमान चार तास आणि विमानतळ बदलत असेल तर सहा तास ठेवावेत. सोलापूरचे उड्डाण त्या दिवशी नसेल किंवा बारा तास वाट पाहायला लावणारे असेल, तर पुण्याचे थेट विमान पाहावे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने अडीचशे किलोमीटर, साडेचार तास. हैदराबाद हवेतून आपल्याला सुमारे २७० किलोमीटर, पण रस्त्याने तीनशेच्या वर आणि साडेपाच-सहा तासांचे आहे, तेव्हा मोठे सामान आणि रात्रीचा रस्ता असेल तर तो पर्याय मी शेवटी धरतो.

आपल्या परतीच्या विमानासाठी दोन गोष्टी आत्ताच करून ठेवाव्यात. पत्नीसाठी चाकाची खुर्ची हवी असल्याचे कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावे. खुर्चीवरच्या प्रवाशाला विमानात सर्वांत आधी बसवतात आणि सर्वांत शेवटी उतरवतात, त्यामुळे मुंबईतल्या मुक्कामाच्या जागेवरून वीस मिनिटे लवकर निघावे. सोलापूरला घ्यायला येणाऱ्याला मात्र विमान उतरण्याची वेळ सांगण्याऐवजी त्यापुढची अर्ध्या तासाची वेळ सांगावी.